विपय : नेमणुकीबाबत

आवक क्रमांक चारशे बारा.
आमदारसाहेबांचं पत्र, जाड पिवळा कागद,
‘विपय : परदेशी नागरिक शाखेतील रिक्त पदावर
श्री. निकुंभ यांच्या नेमणुकीबाबत.’
विपय.
पोटातली रेघ झिजलेला ष.
मी शिक्का मारला.

आवक क्रमांक चारशे तेरा.
जिल्हाध्यक्षांचं पत्र, त्याच टपालात,
‘विपय : सदर पदावर श्री. पगार यांच्या नेमणुकीबाबत.’
(पगार हे आडनाव आहे. आमच्या कळवणकडे असतं.)
निकुंभ निप्कलंक, पगारही निप्कलंक.
वरून मुंबईचा शेरा : तपासून सादर करावे.
आम्ही तपासलं, सादर केलं,
पुन्हा तपासायला परत आलं.
खुर्ची चौदा महिने रिकामी,
पण तिच्यावरचा टॉवेल
दर सोमवारी धुऊन येत होता.

ठाकुरीबाई मोटलाणी महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यायच्या.
नाशिकरोडहून शालिमारपर्यंत बस, पुढं पायी.
पिशवीत एक हिरवा पासपोर्ट, मुदत संपलेला,
त्यात शिकारपूरची एक तरुण बाई
जी आता दोन्ही देशांत राहत नाही.
एवढंच विचारायच्या : ‘साहेब बसले का?’
नाही बसले, बाई.
‘बरं.’
जेल रोडला त्यांची खोली.
प्रेसच्या भोंग्यावर त्या तांदूळ चुलीवर ठेवतात.
शेजारचा मुलगा त्या प्रेसमध्ये
दिवसभर पासपोर्टची कोरी पानं मोजतो
आणि संध्याकाळी झडती देऊन घरी येतो.
हे त्यांनीच सांगितलं एकदा, हसून.
मला हसता आलं नाही, मी रजिस्टर उघडलं.

त्यांचा अर्जही माझ्याचकडे यायचा, दर सहा महिन्यांनी.
‘माझे शेप आयुप्य इथेच काढण्याची परवानगी मिळावी.’
शेप. आयुप्य.
तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

कोर्टाच्या भिंतीला दगडू अहिररावचं टेबल,
वर कडुनिंब, खाली पत्र्याची पेटी.
आमदारांचं तूच टाइप केलंस?
‘मीच.’
अध्यक्षांचं?
‘ते बी मीच. दोन्हीस्ना पीए याच बाकवर बसेल व्हतात.
चहा एकनीच पाजा.’
आणि बाईचा अर्ज? आतापर्यंत कितवा?
‘मोजं नहीं.’
तो यंत्रावरची धूळ फुंकत राहिला.
‘अक्षर झिजी गयं, भाऊ. नवं टाकानं तर मुंबईले जानं पडस.’

पंधराव्या महिन्यात निकुंभ नाही, पगारही नाही,
एक जाधव आले, तिसऱ्याच पत्रावर,
जे आमच्या टपालातून कधी आलंच नव्हतं.
पहिल्याच दिवशी त्यांनी टॉवेल बदलला,
आणि जुने अर्ज ‘नव्या नमुन्यात’ मागवले.

हे बाईंना कसं सांगायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.
मंगळवार यायला चार दिवस होते.
त्यांचा जुना अर्ज काढला,
लाल शाईचं पेन घेतलं,
ज्यानं मी आयुष्यभर फक्त तारखा लिहिल्या,
आणि दोन्ही अक्षरांच्या पोटात
एकेक तिरपी रेघ ओढली.
शेष. आयुष्य.
माझ्या अधिकारात
एवढंच बसत होतं.

मंगळवारी त्या आल्या.
‘साहेब बसले का?’
बसले, बाई.
त्या पिशवी सोडायला लागल्या.
गाठ घट्ट होती, वेळ लागत होता,
आणि मी त्यांना घाई केली नाही.