ऐच्छिक

मे महिन्यात जळगावच्या एमआयडीसीत
दुपारपर्यंत शिक्क्याचं पॅड वाळून जातं.
त्यावर बाटलीतलं दोन थेंब पाणी सोडून
मी फॉर्म वाटायला घेतले.
चटईच्या कारखान्यातली त्रेपन्न माणसं, त्रेपन्न फॉर्म,
सरकारची नवी योजना, आमच्यामार्फत:
दीर्घकालीन शुश्रूषा विमा.
खाली बारीक अक्षरात, ऐच्छिक.

धुडकू म्हणाला, मेल्यावर किती?
मेल्यावर काही नाही.
मंग विमा कसला, मॅडम?
न मेल्याचा,
असं माझ्या तोंडून निघून गेलं
आणि लूमपाशी सगळे हसले. मीही.

मग वाचून दाखवावं लागलं.
आंघोळ. कपडे. जेवण. संडास.
खाटेवरून खुर्चीत येणं.
लघवी धरून ठेवणं.
या सहांतली तीन स्वतःची स्वतःला जमेनाशी झाली
की रोजचे ठरलेले पैसे, माणूस ठेवायला.
त्याआधी पाच वर्षं सलग हप्ता, पगारातून परस्पर.
एकतीस तारखेच्या आत हो किंवा नाही.

‘संडास’ वाचताना माझा आवाज खाली गेला.
घरी तोच शब्द मी दिवसातून दहादा बोलते
दादांच्या कानाशी, ओरडून,
कारण त्यांना ऐकू कमी येतं
आणि मला नऊ-वीसची रिक्षा गाठायची असते.

सुपडू भारंबेनं चौकोनात खूण केली नाही,
शेजारी लिहिलं: सून आहे.
सुनेला विचारलंत का, हे मी विचारलं नाही.
सलीम तडवी पंचविशीतला,
दाण्याची पोती दोन-दोन खांद्यावर घेतो.
म्हणाला, आधी मोबाईलचा हप्ता फिटू द्या.
हिरकणबाई, कात्रण गोळा करणारी,
तिनं अंगठा पदराला पुसला, मग शाईला लावला.
हो, म्हणाली. का, ते नाही सांगितलं.

लोटन सगळ्यांत शेवटी आला.
जेवणाच्या सुट्टीत तो डबा उघडत नाही,
सायकल काढतो, मेहरूणला जातो,
पस्तीस मिनिटांत घामानं निथळत परत.
आम्ही समजायचो, घरचं गरम लागतं गड्याला.

फॉर्म उलटासुलटा करून त्यानं विचारलं,
यामा मनी बायको बसस का?
नाही, दादा. फक्त कामगार. आणि आधीपासून आजारी असेल तर तसाही नाही.
बरं, म्हणाला.
पंख्याकडे बघत राहिला थोडा वेळ.
मग म्हणाला,
अकरा वरीस व्हयनात, मॅडम,
रोज उचलस मी तिले.
त्या हप्ता धरता येतीन का?

तसा रकाना नव्हता.
मी खरंच पाहिलं, मागच्या पानावरही पाहिलं.
त्याच्या निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत
आणि अट पाचाची,
हे सांगायचं माझ्याकडेच होतं.
ते मी उद्यावर टाकलं.

संध्याकाळी मोजले तर एकोणीस हो,
तेहेतीस नाही किंवा कोरे,
एक माझा.

रात्री दोनला दादांना कुशीवर वळवलं.
उजवी कूस, पाठीला पावडर, पायांमधे उशी.
पूर्वी हेच हात भुसावळ यार्डात
डब्यांची कपलिंगं जोडायचे, पावसाळी रात्री, कंदिलावर.
आता चमचा धरताना थरथरतात
आणि मी चमच्याकडे बघते, त्यांच्याकडे नाही,
म्हणजे त्यांना बरं वाटतं. मला तसं वाटतं.

पहाटे स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझा फॉर्म.
वय बेचाळीस. अविवाहित.
हो, अशी खूण केली, ते सोपं होतं.
त्याखाली एक ओळ होती:
गरज पडल्यास कळवायची व्यक्ती, नाव व नातं.
पेन टेकवून बसले.
शाई पसरत एक ठिपका झाला, मसुराएवढा.
आतून दादांनी हाक मारली,
पाण्यासाठी असेल, किंवा दुसऱ्या कशासाठी.
मी पेनाला टोपण लावलं.