वहिवाट

वेल्समध्ये, इडवालच्या सातूतून पायवाट जाते,
नकाशात नुसती तुटक हिरवी रेघ.
त्यानं ती नांगरली, तार ओढली, वळू सोडला.
ग्वेनलियन दर गुरुवारी आलीच,
काठीनं तार दाबत,
हातात अंड्यांची रिकामी टोपली.
अंडी दुकानातही मिळायची.
"चाललं नाही तर वाट मरते," म्हणायची,
आणि त्याच्याच पायरीवर बुटांचा चिखल झटकायची.

मार्चमध्ये अरुंद रस्त्यावर, दोन्हीकडे गडगे,
त्याचा ट्रॅक्टर अन् तिची शववाहिका
समोरासमोर.
रीतीनं मागं तिनं सरायचं:
रुंद जागा तिच्याच पाठीशी, वीस पावलांवर.
इडवालनं टोपी काढली,
मान वळवली,
आणि पाऊण मैल उलटा गेला.

ट्रेलरसकट.