एक टिक कमी

तहसीनला बंदुकीवर बसणारी दुर्बीण पाहिजे होती
आणि माझ्या खिशात अडतीसशे होते.
त्यातले तीनशे एका एचएमटीची आगाऊ रक्कम,
ती घडी अजून माझ्या टेबलावर उघडीच पडलीय.

वसमतहून पावणेनऊची एसटी, मग नांदेड.
खजानसिंगच्या दुकानात तेलाचा वास
माझ्या दुकानासारखाच, जरा जाडसर.
त्यानं काउंटरवर चार नळ्या मांडल्या.
म्हणाला, घड्याळवाले, तुम्हीच बघा,
भिंगातलं तुम्हाला मी काय सांगणार.

शेजारी भोकरकडचे एक सोळंके उभे,
हातात वनखात्याचा कागद, चार घड्यांचा:
रानडुक्कर, नग दोन, मुदत एक महिना.
"सगळ्यात मोठं दाखवणारी द्या हो.
डुकराचे केस मोजता आले पाहिजेत."
खजानसिंग हसला नाही.
"मोजत बसाल तर ते निघून जाईल.
दिस मावळताना ज्वारीतलं डुक्कर म्हणजे हलणारा काळोख.
मोठ्या आकड्यात काळोखच मोठा दिसतो.
चारपट लय झालं. तोंड रुंद घ्या,
आकडा नको, उजेड घ्या."
सोळंक्यांनी कागद पुन्हा घडी केला,
घडी चुकली, परत केला.

आमचं वेगळं होतं.
दहा मीटर. कागद. त्यावर बटणाएवढा काळा ठिपका.

पहिली नळी रस्त्यापलीकडच्या पाटीवरचा मोबाइल नंबर वाचून दाखवी
आणि दहा मीटरवरचं कॅलेंडर दुधात बुडवी.
दुसरी स्वस्त, दोन हजार.
खजानसिंगनंच ती बाजूला सारली:
"स्प्रिंगची बंदूक मागंही हिसकते, पुढंही.
सहा महिन्यांत आतली काच खुळखुळ वाजंल."
बैलगाडीत टांगलेलं घड्याळ, मी मनात म्हणालो.

तिसरीच्या काचेवर जांभळी झाक,
जवळचं स्वच्छ, दूरचं स्वच्छ, चार हजार आठशे.
तहसीननं माझ्याकडे बघितलं नाही,
म्हणजे तिला तीच पाहिजे होती.
मी हिशेब करत, उगीच, वरची चकती फिरवली.
टिक टिक टिक टिक टिक टिक टिक
आणि मग एक मुकी जागा.
पुन्हा फिरवली. सातव्यानंतर पुन्हा मुकी.
"सरदारजी, ह्याचा एक दात खाल्लेला हाय."
त्यानं खोका उलटासुलटा केला, शिक्का दाखवला.
शिक्क्याला कान नसतात.

चौथी कुणीतरी परत केलेली.
अंगावर ओरखडा, खोका नाही, छत्तीसशे.
मी डोळा लावलाच नाही, कान लावला.
एका फेऱ्यात साठ.
साठ, एकही गिळलेला नाही.
तीस वर्षांत कुणी मला इतका साधा आकडा
इतक्या प्रामाणिकपणे मोजून दिला नव्हता.

"आता बघा तरी, अब्बा."
मी बघितलं, सवयीनं डावा डोळा मिटून.
"अहं. दोन्ही उघडे ठेवायचे असतात."
तिला हे कुणी शिकवलं ठाऊक नाही, मी नाही.
उघडले. दोन दुकानं एकावर एक तरंगली,
एक जवळचं, एक लांबचं,
कपाळ ठणकलं, आणि फुलीच्या मागं
खजानसिंगच्या भिंतीवरचं घड्याळ
बारा मिनिटं मागं.
सांगितलं नाही. पाचशे सोडायला लावले होते त्याला,
छत्तीसशेचे एकतीसशे.

घरी गच्चीवर वाळूचं पोतं, पोत्यावर पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर एका मेलेल्या घड्याळाची तबकडी.
पहिला छर्रा पाचाच्या आकड्यावर.
"वर सोळा, डावीकडे नऊ," मी म्हणालो.
"मोजू नका, मोजतेय मी."
दुसरा बाराला घासून गेला.
तिसरा कुठं गेला कुणास ठाऊक,
पोत्यातून थोडी वाळू सांडली.
मधला खिळा अजून शाबूत आहे.

शनिवारी एचएमटीवाला येईल.
मी भिंग लावून बसलोय, डावा डोळा उघडा.
दाराशी तहसीनच्या चपला दिसतायत
आणि त्यांच्यावर तरंगणारं एक छोटं पितळी चाक.
डोकं दुखतं.
सवय होते म्हणते ती.