शेरा : सरपण अपुरे

लेम्युएल हॅस्किनची वकिली बांधावर चालायची.
व्हरमाँटच्या त्या डोंगराळ परगण्यात
दगडी कुंपण हातभर सरकलं की
दोन्ही भाऊ त्याच्याच जिन्यावर.

विधवा मेहिटाबेल प्रॅटचं गहाणखत त्यानंच लिहिलं,
कुठे सुई शिरणार नाही असं.
मोठ्यानं वाचूनही दाखवलं, दोनदा.
ती त्याच्या ओठांकडे पाहत राहिली,
बहिऱ्यानं वाजत्या फिडलकडे पाहावं तशी,
मग टाक मुठीत धरून
तिनं एक फुली काढली.
शाई वाळायला घटका गेली.
शेत जायला दोन हिवाळे.

बेकायदा काहीच नव्हतं त्यात.
बायकोला तो हे सांगत राहिला,
तिनं न विचारता, जेवताना.

पुढच्या मार्चमध्ये त्यानं दारावरची पाटी उतरवली
आणि शाळांचा अधीक्षक झाला,
सालाला चारशे डॉलर.
लोक म्हणाले, डोकं फिरलं.
सासरा म्हणाला, फिरलं तर फिरलं,
घोडी तेवढी विकू नकोस.

घोडी बर्फगाडीला जुंपून
तो एकोणचाळीस शाळा हिंडला,
मांड्यांवर गव्याचं कातडं,
खिशात भाजलेला बटाटा : आधी ऊब, मग जेवण.
वहीत लिहीत गेला :
क्रमांक चार. खिडक्या सहा, काचा दोन.
क्रमांक अकरा. मास्तर सतरा वर्षांचा, पोरांना भितो.
क्रमांक वीस. पुस्तकं तीन, त्यातलं एक पंचांग.
शेरा : सरपण अपुरे.
शेरा : सरपण अपुरे.
करवाढीच्या सभेत कुणीतरी त्याला सलगम फेकून मारलं.
ते त्यानं घरी नेलं. सूप झालं.

क्रमांक सत्तावीस, नदीपलीकडे.
फायलीना रग नावाची मास्तरीण
बीजगणित शिकवत होती, जे शिकवायची तिला मुभा नव्हती.
फळ्यावर फुली, शेजारी बरोबरचं चिन्ह.
"ही कशाची खूण?"
मागच्या बाकावरून एक पोरगा,
नुकती मिसरूड फुटलेला, म्हणाला,
"जे अजून आपल्याला कुणी सांगितलं नाही, त्याची."

हॅस्किन उठून बाहेर गेला.
घोडीचा साज तपासत राहिला बराच वेळ.
साज ठीकच होता.
मग त्यानं कुऱ्हाड मागून घेतली
आणि अंधार पडेस्तोवर, कोट काढून,
टाकानं मऊ पडलेल्या हातांनी
लाकडं फोडली,
निम्मी वाकडी.

वहीत सत्तावीसचा रकाना कोराच आहे.
पाइनच्या चिकाचा एक अंगठा तेवढा
उमटलाय, कडेला.