काय आणलं

तीन आठवडे झाले, डोंगर कुरकुरतोय.
रात्री जमीन कूस बदलते
आणि कपाटातले कप एकमेकांच्या कानाला लागतात.
मोठ्या रस्त्याला भेग पडली, तिच्यात पहिल्यांदा
पालिकेची पाटी गेली: ‘सावकाश जा’.
गेली मात्र झटकन.

आता सांडविक रिकामं आहे.
आइसलंडच्या नकाशावर तसाही
शाई सांडल्याएवढाच ठिपका होता आमचा.
नेसत्या वस्त्रानिशी निघालो, ते पलीकडच्या गावात
व्यायामशाळेच्या फरशीवर, बास्केटबॉलच्या रिंगखाली झोपतो.
रेडिओवरचे तज्ज्ञ रोज सांगतात,
आज फुटेल, किंवा उद्या, किंवा नाहीच.
या ‘किंवा’वर गाव जगतंय.

घरटी एक माणूस, एक पिशवी, दहा मिनिटं
एवढी आत जायची मुभा.
नाक्यावर वही घेऊन मी बसतो:
कोण गेलं, किती वाजता, परतलं का.
‘काय आणलं’ हा रकाना वरून आलेला नाही,
तो मी आखला. पट्टी नव्हती, म्हणून वाकडा.

स्टेनुन, वय एकाहत्तर.
जाताना बोटं मोडत पाठ करत होती:
घराचे कागद, नवऱ्याचा फोटो, चांदीचे चमचे.
आली ती वॉफलचा लोखंडी साचा
आणि पडद्याच्या अकरा कड्या घेऊन.
‘बारावी सापडेना,’ म्हणाली,
जशी काही दहाही मिनिटं तिच्याच मागे गेली.
तिथेच गेली होती.

थोर्लाउकुर, चाळीस वर्षं समुद्रावर,
लाटेला कधी वाट न दिलेला माणूस.
आणला रिमोट.
टीव्ही?
आत आहे.
मग हा?
त्याने दाढी खाजवली.
‘निदान डोंगराच्या हाती नको.’

ओर्नोल्फुर मास्तरांनी मोजा आणला,
एकच, सुयांसकट, टाचेपाशी थांबलेला.
विणणारी दोन वर्षांपूर्वी
दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी गेली.
मी रकान्यात ‘लोकर’ असं लिहिलं
आणि वर पाहिलं नाही.

तो मोजा आता व्यायामशाळेत हातोहात फिरतो.
ज्याला झोप नाही त्याने दोन ओळी विणायच्या.
टाच वळवणं कुणालाच येत नाही,
म्हणून सरळ विणत सुटलेत.
परवा मोजला. मास्तरांच्या कमरेपर्यंत आला.

साच्याला शेगडी मिळाली, पण
पिठाची वाटी एक आणि तोंडं ऐंशी.
त्यामुळे माणशी वॉफलचा एक चौकोन मिळतो,
वर रेवतचिनीचा मुरांबा, टपाल तिकिटाला लावतात तेवढा.
लोक तो चाटून अगदी
पाकिटावर चिकटवल्यासारखे शांत बसतात.

माझा नंबर मी तीनदा पुढे ढकलला.
शेवटी गेलो. स्वयंपाकघरात उभा राहिलो.
आठ मिनिटं काहीच सुचलं नाही,
नवव्या मिनिटाला खण ओढला, अख्खा,
तो सटरफटरचा, सगळ्यांच्या घरी असतो तो,
आणि काखेत मारून पळत सुटलो.
खण ही पिशवी नव्हे, असं सोबतचा पोलीस म्हणाला.
मी म्हटलं, वहीत बघ, पिशवी असंच लिहिलंय.

खणात: संपलेल्या बॅटऱ्या सात,
कुठल्या कुलपांच्या ते विसरलेल्या चाव्या,
रबरं, वाढदिवसाची अर्धी मेणबत्ती,
एका खुर्चीचा स्क्रू, खुर्ची आधीच मोडीत गेलेली,
आणि पडद्याची एक कडी.

स्टेनुनने ती उजेडात धरून निरखली.
‘ही माझी नाही. माझ्या पितळी आहेत.’
म्हणाली, आणि खिशात टाकली.

काल रात्री पुन्हा हादरा बसला.
ऐंशी माणसं एकदम उठून बसली.
रिंग वर थरथरत राहिली,
कुणाचं पोर रडायचं होतं, तेही विसरलं.
मग अंधारात एक बटण दाबल्याचा आवाज.
टक्. पुन्हा टक्.

‘बंद होत नाहीये,’ थोर्लाउकुर म्हणाला.

‘बॅटऱ्या बघ,’ मी म्हटलं,
‘माझ्याकडे सात आहेत.’