डावी कूस

चार हिवाळे आम्ही तिला डावीकडूनच ओळखत होतो.
बरगड्यांवर पट्ट्यांचा एक उलटा काटा,
मांडीपाशी गाठ, घाईत मारलेल्या टाक्यासारखी,
आणि शेपटीच्या अलीकडे एक तुटकी रेघ.
नोंदवहीत : सतरा. मादी. फक्त डावी बाजू.

वाघाच्या दोन कुशी सारख्या नसतात,
म्हणून कॅमेरे जोडीने बांधायचे,
वाटेच्या अल्याड एक, पल्याड एक,
समोरासमोर, अबोला धरलेल्या नवराबायकोसारखे.
पण पल्याडचा कधी टिकला नाही.
एकदा अस्वलाने चावला.
एकदा त्याच्या डोळ्यावर बर्फ साचला
आणि त्याने फेब्रुवारीभर
पांढऱ्याचे दोन हजार फोटो काढले.
एकदा मीच झाकण नीट लावलं नव्हतं.
(हे अहवालात नाही.)

उणे चौतीस. बिकिन नदी गोठून रस्ता झालेली.
पुढे प्रोकोपी गेओन्का, वय अडुसष्ट,
तळाला हरणाचं कातडं लावलेल्या लाकडी स्कीवर,
मागे मी, बनियनच्या आत बत्तीस सेल,
खुडूक कोंबडीसारखा जपून.
त्यांच्या बोलीत वाघाला अंबा म्हणतात.
प्रोकोपी जंगलात तेवढंही म्हणत नाही.
‘ती’ म्हणतो. किंवा नुसती हनुवटी हलवतो.
पाऊल दिसलं की हातमोजा काढून
उघडं बोट ठशाच्या कडेवर ठेवतो :
कड मऊ, तर आजची. टणक, तर कालची.
मी पट्टी ठेवतो. साडेनऊ सेंटिमीटर.
“हीच ती,” तो म्हणतो. “पलीकडच्या खोऱ्यातलीही हीच.”
मी म्हणतो, तिथली बावीस.
तिची उजवी बाजू आहे आपल्याकडे. ती वेगळी.
तो नाक शिंकरतो आणि चालू लागतो.

मार्चमध्ये दोन्ही कॅमेरे जिवंत सापडले.
रात्री झोपडीत, चुलीपाशी, कार्डं लावली.
रानडुक्कर. रानडुक्कर. वारा.
प्रोकोपीची पाठ. माझी पाठ, बरीच वाकलेली.
एक निळा पक्षी, अर्धा चौकटीबाहेर.
वारा. वारा.
आणि पहाटे तीन एक्केचाळीसला
अल्याडच्या कार्डात सतरा,
पल्याडच्या कार्डात, त्याच सेकंदाला, बावीस.
एकाच जागी दोघी उभ्या,
एकीच्या आत दुसरी.

मी पट्टे मोजले.
सेल बदलून आल्यासारखा बाहेर जाऊन आलो, पुन्हा मोजले.
चार वर्षं हवा होता तो फोटो मिळाला
आणि जंगलातला एक वाघ कमी झाला.
गोळी नाही, फास नाही,
बर्फावर थेंबभर रक्त नाही.
उद्या कार्यालयात झिनाइदा विचारेल, नक्की का?
बावीसला तर गावातल्या शाळेने नाव दिलं होतं,
वाढदिवस ठरवून केकही कापला होता.
ती मुलं मला रस्त्यात गाठतील.

प्रोकोपी पाइनच्या बिया दातांनी फोडत होता.
दोन्ही फोटो त्याने लांब धरून पाहिले,
चष्मा गावातच राहिला होता.
‘सांगितलं होतं’ म्हणाला नाही.
म्हणाला, “दोन खोरी. किती चालत असेल बिचारी.”
मग जरा वेळाने, “समोरून नाही का काढत तुम्ही?”
समोरून पट्टे कळत नाहीत, मी म्हटलं,
समोरून मोजता येत नाही.
“खरंय,” तो म्हणाला.
“मी एकदा पाहिली समोरून. एकोणऐंशी साली.
नाही मोजता आलं.”
आणि टरफलं चुलीत टाकली.

मी नोंदवही उघडली.
बावीसवर रेघ मारायची होती.
पेनातली शाई गारठलेली,
रेघ तुटकी उमटली.