बाक

लसूडिया मोरीच्या मागल्या गल्लीत,
डांबर संपून काळं तेल प्यालेली माती सुरू होते तिथे,
काल रात्रीपासून उभा आहे
जसमेरचा चाळीस फुटी ट्रेलर.
रिकामा. तरी पोट खाली आलेलं.

पिथमपूरहून कॉइल उचलली होती, म्हणाला,
एकच, पण बावीस टनांची,
आणि मांगलियाच्या अलीकडे
खालून काहीतरी बोललं.
ड्रायव्हर लोक तुटलं म्हणत नाहीत,
बोललं म्हणतात.

आधी दोरी लावली,
बीमच्या खालच्या पट्टीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
भेरूलाल मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं :
रिकामा बीम सरळ दिसला की घाबरायचं.
चांगल्या बीमला वर बाक असतो, बोटभर,
येणाऱ्या वजनाचा अंदाज घेऊन दिलेला.
माल चढला की मग तो सरळ होतो.
मी रामबागेतल्या मराठी शाळेतून आलेला.
मला बाक म्हणजे बसायचा ठाऊक,
तिसरा, खिडकीजवळचा.

दोरी मध्यावर बीमला चिकटली होती.
चिकटली कसली, दबली होती.

तारेच्या ब्रशनं रंग खरवडला :
लाल, त्याखाली निळा, त्याखाली पिवळा,
जितके मालक तितके रंग.
लाल शाई लावली, पुसली, पांढरी पूड फवारली
आणि बिडी पेटवून लांब जाऊन बसलो.
परत आलो तर पांढऱ्यात उगवलेली रेघ,
केसाएवढी,
जुन्या ठिगळाच्या कडेपासून वर निघालेली.

ठिगळ चौकोनी होतं.
ठिगळ शंकरपाळ्यासारखं कापायचं असतं,
टोकाकडे निमुळतं,
म्हणजे बीमला कळत नाही आधार कुठे संपला.
चौकोनी संपतं ते एकदम,
आणि त्यावर कुणीतरी उभा टाका घातलेला, कडेकडेनं,
वर ते खाली.

टाका अक्षरासारखा ओळखू येतो.
डावीकडे कललेला, शेवटी घाईनं फासटलेला.
अकरा वर्षांपूर्वीची धनतेरस.
भेरूलाल तराण्याला गेलेले,
आणि सेठ गेटवर हॉर्न वाजवत उभा.

टुटेजा सेठचा फोन आला.
"किस गधे का काम है?"
जसमेर माझ्याकडे बघत होता.
म्हटलं, मेरा.
पलीकडे थोडा वेळ नुसता बायपासचा आवाज.
मग म्हणाला, "तो अब ठीक से कर."

बॅटरीच्या वायरी सोडल्या. पोटाखाली दोन जॅक,
अर्धा अर्धा आटा फिरवत, दोरीकडे बघत.
ठिगळ कापून काढलं.
भेगेच्या शेवटाच्याही थोडं पुढे भोक पाडलं,
तिला थांबायला जागा.
लोखंड तापवलं, पाण्याचा थेंब नाचून उडेपर्यंत.
रॉड बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातले,
आत शंभरचा बल्ब रात्रंदिवस जळणारा.
ओलसर रॉड खोटं बोलतो,
हेही भेरूलालचंच.

संध्याकाळी नवं ठिगळ बसलं, दोन टोकांना निमुळतं.
जसमेरनं बादली उचलली, पाणी मारू का?
नको, म्हटलं. आपोआप गार होऊ दे,
सकाळपर्यंत.
तो ट्रेलरखालीच गोधडी टाकून आडवा झाला,
मी नको म्हणत असताना.

बिलात लोखंड लिहिलं, रॉड लिहिले,
मजुरीपुढे रेघ ओढली.

सकाळी जॅक काढले. पुन्हा दोरी.
मध्यावर बोट घालून पाहिलं.
करंगळी गेली.
मधलं बोट अडकलं.